स्त्रियांना घसरण्याची स्वतंत्र सोय

सांगलीत एके काळी पायाला चाकं बांधून घसरायची एक जागा होती आणि तिथं नऊवारी नेसलेल्या बायका घसरायच्या, असं मी सांगितलं की घरातले एकमेकांकडं बघतात. नातू तर परवा म्हणाला, "आजी, तू लहानपणी सर्कस बघितली असशील." सर्कस नव्हे, बाबा. स्केटिंगची रिंक. मी तिथं आपटलेली आहे, माझ्या डाव्या कोपरावर अजून वण आहे, तो काय सर्कशीत पडला? ज्या गावानं ती जागा मोडली त्या गावाला आता ती होती हेसुद्धा आठवत नाही. मोडलीत तर मोडलीत, निदान आठवण तरी ठेवा. तेवढीही लाज नाही.

ती रिंक ज्यांनी काढली त्यांना सगळे हवालदार म्हणत. ते हवालदार नव्हते. पलटणीत नाईक होते आणि नाईक म्हणूनच पेन्शनीत निघाले. हवालदारकी त्यांनी सांगली स्टेशनावर उतरताना आपली आपण घेतली. कुणी टोकलं तर म्हणायचे, "सरकार देनारच हुतं, जरा उशीर लावला त्येंनी. म्या घिऊन टाकली." मूळचे म्हसवडकडचे. एवढ्या कोरड्या मुलखातला माणूस या धंद्यात कसा आला, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "आमच्याकडं पाऊस न्हाई, चिखूल न्हाई. मानूस घसरंल कुटं? म्हनून पार क्वेट्ट्याला जाऊन घसरलो."

खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, डोक्याला फेटा आणि सुटलेलं पोट. रस्त्यानं चालताना दिसले तर वाटावं, हे काय घसरणार डोंबल. पण चाकं बांधली की ते उलटे जायचे. म्हणजे पाठ पुढं आणि तोंड आमच्याकडं. शिकवणं, रागावणं, गप्पा मारणं, सगळं मागं मागं जात. भिंत आली की न बघता वळायचे. दुपारची भाकरीसुद्धा रिंकच्या मधोमध मांडी घालून खायचे आणि खाऊन झालं की ओल्या फडक्यानं तेवढी फरशी पुसायचे. बाहेरची वहाण त्या फरशीवर टेकली तर मग टेकवणारा कोण आहे हे ते बघत नसत.

पहिले काही दिवस कुणालाच चाकं मिळायची नाहीत. कोपऱ्यात पोत्यांची थप्पी होती, तिच्यावर पडायचं. पुढं पडा, कुशीवर पडा, बसता बसता पडा. "हात टेकाय बघू नगा, मनगाट मोडतंय. पडायचं तर समदं पडायचं." माणसाची पारख ते त्याच्या पडण्यावरून करत. आमच्या हायस्कुलातले गणिताचे शिक्षक पडले आणि दुखलं का ते बघायच्या आधी त्यांनी कोण बघतंय ते बघितलं. हवालदारांनी त्यांना कायमचं नापास केलं. "ह्यो मानूस घरात बी खोटं बोलत आसनार," म्हणाले, आणि हे त्यांच्या तोंडावर म्हणाले.

क्वेट्ट्याच्या छावणीत साहेबलोकांच्या क्लबात रिंक होती. तिथं यांची नेमणूक. काम काय, तर साहेबांच्या आणि मडमांच्या बुटांना चाकं लावायची, गुडघ्यावर बसून पट्टे आवळायचे आणि कुणी पडलं तर उचलायचं. मडम पडली आणि हात धरून उठवली तर साहेब ओरडायचा, हात का लावलास. नाही उठवली तर मडम ओरडायची, बघत काय उभा आहेस. स्वतः चाकं बांधून त्या फरशीवर जायची परवानगी नव्हती. हे भल्या पहाटे झाडू मारायच्या निमित्तानं जात आणि कुणी उठायच्या आत शिकून घेत. त्या नोकरीतून ते दोन कायदे घेऊन आले. कुणाचे पट्टे कुणी बांधायचे नाहीत. आणि पडलेल्याला कुणी उचलायचं नाही. कुणी हात पुढं केलाच तर ते गळ्यातली शिट्टी अशी फुंकायचे की पुढं केलेला हात आपोआप मागं जायचा.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचा माल लिलावात निघाला. शहाण्या लोकांनी तंबू घेतले, बूट घेतले, ताडपत्र्या घेतल्या. यांनी चाकांची खोकी घेतली. पेठेतलं एक हळदीचं गोदाम रिकामं पडलं होतं, ते भाड्यानं धरलं, त्यात शहाबादी फरशी घातली आणि कित्येक महिने उकिडवं बसून ती स्वतःच्या हातानं दगडानं घासली. फरशीचा सांधा चाकाला कळता कामा नये. लोक दारात उभे राहून विचारायचे, "हवालदार, देऊळ बांधताय का?" ते मान वर न करता म्हणायचे, "रिंगान." रिंक हा शब्द त्यांच्या मते आपलाच होता. रिंगण म्हणायला गोऱ्यांची जीभ शेवटपर्यंत पोचत नाही म्हणून ते रिंक म्हणतात, असं ते आमच्या वडिलांना, म्हणजे मराठीच्या मास्तरांना, गंभीरपणे समजावून सांगत. ती फरशी अजून तिथं आहे म्हणतात. वर पुन्हा हळदीची पोती पडली, ती आजतागायत.

हळद मात्र त्या गोदामातून कधी गेलीच नव्हती. कितीही झाडा, आढ्यातून आणि भिंतीच्या भेगांतून ती झडतच राहायची आणि कडेकडेनं साचायची. भिंतीशी पडलं की अंगावर पिवळा पट्टा. त्याला साबण लावला की लालभडक होतो, हे सांगलीच्या बाईला सांगायला नको. आमच्या आया वैतागायच्या, पण हसून वैतागायच्या. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

आता मुली तिथं गेल्या कशा ते सांगते. आमचे वडील सुधारक होते. म्हणजे बोलायचे तरी सुधारकी. ते वर्गातली मुलं घेऊन रिंक दाखवायला गेले, तर हवालदारांनी विचारलं, "मास्तर, पोरं आनलासा. पोरी कुटं हायत?" वडिलांना उत्तर सुचलं नाही. सुधारक माणसाला सगळं सोसतं, उत्तर न सुचणं सोसत नाही, म्हणून दुपारी मुलींची वेगळी वेळ ठरली. दाराला पडदा, आत फक्त मुली आणि हवालदार. मग हवालदार आत कसे, यावर घरोघर खल झाला. शेवटी कुणीतरी मोठी बाई सोबत बसेल असं ठरलं. दुपारची मोकळी असलेली, म्हणजे जिच्या कामाला कुणी काम म्हणत नव्हतं अशी, आमच्या घरात एकच बाई होती. माझी आत्या.

आत्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी आली. रिंकच्या वेळी ती तिशीची असेल. फिक्या रंगाचं लुगडं, मोकळं कपाळ, मोकळे हात. पुढं ती आमच्याच घरात म्हातारी झाली. तिला सगळे फार जपायचे. जपायचे हा शब्द मी मुद्दाम लिहिते, कारण त्या शब्दाचा मला वीट आलेला आहे. नदीवर जाऊ नका, लोक बघतात. दारात उभ्या राहू नका, बरं दिसत नाही. ती कधी जरा हसली की आई हळूच म्हणायची, "वन्सं, पुढं माणसं बसलीत." तिच्या वाटचं सगळं ओझं घरातल्यांनी अशा मायेनं उचललं की तिला हात हलवायलाही जागा उरली नाही.

मुलींच्या वेळेची गावाला माहिती व्हावी म्हणून हवालदारांनी पाटी करून घ्यायचं ठरवलं. सांगलीत नाटकांचे पडदे रंगवणारे पुष्कळ. त्यातला एक त्यांनी धरून आणला. काय लिहू, तो म्हणाला. हे म्हणाले, "बाया-पोरी हितं घसरत्यात, येगळी येळ हाय, पडदा हाय, येवढं लिव." त्या माणसानं जन्मभर नाटकांच्या जाहिराती रंगवलेल्या. त्याला एकच भाषा येत होती. त्यानं लाल अक्षरांत, खाली सावली वगैरे देऊन, लिहिलं: "स्त्रियांना घसरण्याची स्वतंत्र व उत्तम सोय. पडदा आहे."

बाईचा पाय घसरला म्हणजे काय झालं, हे आमच्याकडं शाळकरी पोराला कळतं. सगळी सांगली ती पाटी वाचायला लोटली. सायकली थांबायच्या, टांगे थांबायचे. वडील घाईघाईनं गोदामात गेले.

"हवालदार, शब्द बदला. चक्रविहार लिहा."

हवालदारांनी शब्द तोंडात घोळवून बघितला. "चक्कर इहार? मास्तर, हितं लोकं चक्कर इऊन पडत्यात आसं वाटंल."

"मग निदान घसरणे तरी काढा."

"का काडू? घसराय येत्यात, घसरून जात्यात. शब्दात काय घान हाय? घान वाचनाऱ्याच्या डोसक्यात हाय, ती म्या कशी पुसू?"

पाटी राहिली. वडिलांनी घरी येऊन आईला हे सांगितलं तेव्हा ते हसू दाबत होते, म्हणजे त्यांना ते पटलं असावं.

आत्या रोज दुपारी भिंतीशी बाकावर बसून वाती वळायची. हवालदार कुणालाही या म्हणून बोलवत नसत, तिलाही बोलावलं नाही. एका दुपारी तिनं वळलेल्या वाती पुडीत बांधल्या, कासोटा घट्ट केला आणि चाकांच्या फळीपाशी जाऊन उभी राहिली.

"मला पोत्यावर पडायला लावू नका," ती म्हणाली. "मी रोज बघतेय. बघून आलंय मला."

"बघून पडाय येत न्हाई, आक्का. पडा."

ती पडली. पुन्हा पडली. आणि मग पोत्यावर तशीच बसून हसायला लागली, आणि ते हसू काही केल्या आवरेना. मी तिला मोठ्यानं हसताना त्याआधी ऐकलंच नव्हतं. आम्ही सगळ्या मुली तोंडं वासून बघत राहिलो. हवालदार एवढंच म्हणाले, "चांगल्या पडलासा."

चाकं बांधल्यावर पहिल्याच फेरीत ती भिंतीकडेला सपशेल आपटली. मी धावले आणि शिट्टी वाजली.

"उचलायचं न्हाई."

"अहो, ती माझी आत्या आहे."

"आसंल. उठंल की."

ती उठली. वेळ लागला, पण उठली, कमरेपासून टाचेपर्यंत हळदीनं माखलेली. घरी जाताना वाटेत मला म्हणाली, "मी पडले आणि कुणी धरायला आलं नाही. किती बरं वाटलं गं." मला वाटलं, डोक्याला मार लागला असावा. मी तेव्हा सोळा वर्षांची होते, मला काय कळणार डोंबल.

दसऱ्यापर्यंत ती आमच्यात सगळ्यांत पुढं गेली. पाचवारीवाल्या मुलींचे पाय अडकायचे, हिचे नाहीत. हवालदार म्हणायचे, "नऊवारी म्हंजे घसरायचाच पोशाख. शिवाजीम्हाराजांच्या येळंपास्नं." याला इतिहासात काय आधार होता ते त्यांनाच ठाऊक. खंडेनवमीला त्यांनी सगळी चाकं धुऊन ओळीनं मांडली, फुलं आणली आणि हळदकुंकवाची वाटी सरळ आत्याच्या हातात दिली. आत्या म्हणाली, "हवालदार, मी नको. तुम्हाला माहीत आहे." ते म्हणाले, "चाकास्नी ठावं न्हाई." आत्या वाटीत बोट बुडवून एकेका चाकाला लावत गेली. घरी आम्ही हे सांगितलं नाही.

घात दिवाळीत झाला. गावात एक बडे वकील होते, नगरपालिकेत त्यांच्या शब्दाला वजन. त्यांचा जावई पहिल्या दिवाळसणाला साताऱ्याहून आलेला. गावातली नवलाई दाखवायची म्हणून ते त्याला घेऊन रिंकवर आले. सणाचे दिवस म्हणून हवालदारांनी बायका-पुरुष सगळ्यांना एकत्र सोडलं होतं, त्यामुळं आम्हीही तिथं होतो. जावईबापू खुर्चीवर बसले आणि त्यांनी पाय पुढं केला.

"बांधा, हवालदार," वकीलसाहेब म्हणाले.

"आपलं आपुन बांधायचं, साहेब. हितं त्योच कायदा हाय."

"अहो, जावई आहेत."

"तुमचं हायत. तुमी बांधा."

हवालदार चिडून बोलले नव्हते. आपण वकीलसाहेबांना चांगला तोडगा सांगितला असंच त्यांना वाटत होतं. वकीलसाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. जावयानं कसेबसे पट्टे बांधले, ते सैल बांधले, पोत्यावर पडायला साफ नकार दिला, आणि फरशीवर पाय ठेवताक्षणी दिवाळसणाच्या नव्या कोऱ्या धोतरासकट उताणा झाला. सासरा जावयाला उचलायला वाकला. शिट्टी वाजली. वकीलसाहेब होते तसे वाकलेलेच थांबले. कोर्टात न्यायाधीशापुढंही न वाकणारा माणूस, शिट्टीला थांबला. जावई उठायला बघतोय, धोतर चाकात गुंतलेलं, जितका उठतोय तितकं सुटतंय. सगळी रिंक हसली. आत्याही हसली, आणि तिचं हसू खणखणीत. वकीलसाहेबांनी मान वळवून कोण हसतंय ते नीट बघून घेतलं.

तो माणूस हुशार. जावयाचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही. काढलं असतं तर लोक पुन्हा हसले असते. त्यानं पाटीचा विषय काढला. वाचनालयाच्या ओट्यावर बसून म्हणायचा, "पाटी वाचलीत ना? आता कोण घसरतंय तेही जरा बघा." नाव घ्यायची गरजच नव्हती. पडदा, पलटणीतून आलेला एकटा माणूस आणि विधवा बाई. गावाला एवढं पुरतं. दिवाळीत पोट धरून हसलेली तीच माणसं संक्रांतीपर्यंत गंभीर झाली. आम्हाला रस्त्यात गाठून सांगायला लागली, "तुम्हा मुलींचं ठीक आहे गं, पण..." त्या पणच्या पुढं कुणी बोलत नसे. एकजण तरी पुढं बोलला असता तर त्याच्या तोंडावर काही फेकता आलं असतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू वकिलीणबाईंकडं होतं. आई मला घेऊन गेली. आत्या अर्थातच घरी. दिवाणखाना बायकांनी भरलेला. वकिलीणबाईंनी आईला हळद लावली, कुंकू लावलं, हातात वाण ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "तुमच्या वन्संना काही आम्हाला बोलावता येत नाही हो. पण त्यांचं अडत नसेल. त्यांना हवालदारांकडची लागते ना."

बायका हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, म्हणजे हसायचंही आणि सभ्यही राहायचं. आई वाण हातात धरून तशीच उभी. माझ्या कानांतून वाफा निघायला लागल्या.

"ती भिंतीची हळद आहे," मी म्हटलं. "सगळ्यांनाच लागते."

"भिंतीची का असेना," वकिलीणबाई म्हणाल्या. "लागली ना?"

त्या दिवाणखान्यात अशा कितीतरी बायका होत्या, ज्यांच्या मुली रोज दुपारी तीच हळद परकराला पुसून घरी जात होत्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. मी आजही त्यांच्या नावानं बोटं मोडते. बहुतेक सगळ्या गेल्या, तरी मोडते.

घरी आल्यावर आईनं सगळं सांगितलं, स्वयंपाकघरातच, आत्यासमोर. वडील ओटीवर येरझारा घालत राहिले आणि मग आत येऊन म्हणाले, "मला स्वतःला यात काही गैर वाटत नाही. पण थोडे दिवस जरा..."

आत्या पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "दादा, थोडे दिवस म्हणजे किती? मी या घरात थोडे दिवस म्हणूनच आले होते." वडील खाली बघायला लागले. "मी उद्या जाणार. बोलणाऱ्यांना बोलू दे. माझ्याजवळचं काय काढून घेणार आहेत?"

वडिलांनी तिला अडवलं नाही. तेवढं मी त्यांच्या पदरात घालते.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. ती नेहमी कडेकडेनं, मान खाली घालून चालायची. त्या दिवशी रस्त्याच्या मधून चालली. दुकानदारांनी माना वळवल्या, वाचनालयाच्या ओट्यावरची कुजबुज थांबली. ती कुठंही थांबली नाही. गोदामापाशी पोचलो तर पाटीवर डांबर फासलेलं आणि दाराला कुलूप. हवालदार बाहेर पायरीवर बसून चाकं गवतात गुंडाळून खोक्यात भरत होते.

"नगरपालिकेनं बंद केलं?" मी विचारलं.

"नगरपालिकेची काय टाप हाय? म्या केलं." ते उठून उभे राहिले, फेटा सारखा केला. हळदीकुंकवातलं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. कुणी घातलं असेल ते सांगायला नको. "आक्का, क्वेट्ट्याला म्या लय ऐकून घ्येतलं. पर त्ये माज्या नावाला हुतं. ह्ये तुमच्या नावाला लागलं. तुमच्या अब्रूपायी बंद केलं म्या." आणि हे सांगताना त्यांची छाती फुगलेली होती. एखादं मोठं दान केल्यासारखी. मला आधी रडू आलं, किती थोर माणूस म्हणून. मग मी आत्याकडं पाहिलं.

"मला विचारलंत?" आत्या म्हणाली.

"त्येच्यात काय इचारायचं?"

"मला विचारलंत का, हवालदार?"

"आवं, तुमी न्हाईच म्हनला आसता."

"म्हणजे ते तुम्हाला ठाऊक होतं."

हवालदार हातातलं चाक नुसतं फिरवत राहिले.

"मी आज भर पेठेतून चालत आलेय," आत्या म्हणाली. "सगळ्यांच्या देखत. सगळे बोलले तरी आले. घरातल्यांनी मला अडवलं नाही. वकिलांना मला अडवता आलं नाही. ते तुम्ही केलंत. वर माझ्यावर उपकार म्हणून केलंत."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. हवालदारांनी चाक खोक्यात टाकलं आणि घाईघाईनं चड्डीच्या खिशातून किल्ली काढली. "उगडतो, आक्का. आत्ता उगडतो. जातंय काय?"

"नको," आत्या म्हणाली. "आता उघडलंत तर तेही माझ्यासाठीच उघडलंत असं होईल. गाव तसंच म्हणेल, आणि या खेपेला गाव खरं बोलेल."

ती वळली आणि चालायला लागली. मी तिच्या मागं गेले नाही. मला इतका राग आला होता की पाय उचलत नव्हते. वकिलाचा आला होता, त्याच्या बायकोचा आला होता, पदराआडून हसणाऱ्यांचा आला होता, पण सगळ्यांत जास्त या माणसाचा आला होता, ज्याच्या हातात किल्ली होती आणि जो ती घेऊन नुसता उभा होता.

"मग माझ्यासाठी उघडा," मी म्हटलं. "मी आहे ना. आम्ही एवढ्या मुली आहोत. आमच्यासाठी उघडा."

हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. खरोखरच विचार केला, मला दिसलं. मग किल्ली पुन्हा खिशात टाकली आणि अगदी मायेनं, माझ्या वडिलांनी सांगितलं असतं तसं, म्हणाले, "तुजं लगीन व्हायचं हाय, पोरी."

झालं. त्याच वैशाखात झालं.